साळवेसाहेबांच्या आईची कळशी

लोक खिशाला पेन लावतात, आमचे साळवेसाहेब कानस लावायचे. लग्नाकार्यात गेले की पंगतीआधी भांडी उलटी करून बघायचे आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून बुडाचा चिमूटभर कीस पुडीत बांधायचे. माझ्या लग्नात आलेली समईही सुटली नाही. आठवड्याभरानं टेबलावर चिठ्ठी आली: "तांबं एकसष्ट टक्के. बाकी जस्त. अभिनंदन."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथच्या एका पितळेच्या कारखान्यात ते केमिस्ट होते आणि मी त्यांचे रिपोर्ट टाइप करायचे. साहेब कीस अ‍ॅसिडमध्ये विरघळवून त्यात प्लॅटिनमची जाळी सोडायचे आणि करंट चालू करायचे. निळं पाणी फिकं होत जाई, तांबं जाळीवर चढून बसे. जाळीचं वजन जेवढं वाढलं, तेवढं तांबं. पण पाण्याचा रंग गेला म्हणून साहेब ऐकतील तर शपथ. ते आणखी थोडं पाणी घालायचे, म्हणजे जाळीचा कोरा भाग बुडायचा. त्यावर वीस मिनिटांत लाली आली नाही, तरच काम संपलं. उल्हासनगरचा एक व्यापारी "साब, आधा टका छोड़ दो ना" म्हणत दोन तास बसून होता. साहेब म्हणाले, "पाणी वाढवतो, मग बोलू." अर्धा टका काही सुटला नाही. जाळीची आधीची आणि नंतरची वजनं असल्याशिवाय रिपोर्ट टाइप करायचा नाही, अशी मलाही सक्त ताकीद होती.

एके दिवशी साहेब पडेल चेहऱ्यानं आले. बुवापाड्यात त्यांच्या घरी एका पाहुणीनं आईच्या कळशीवर टिचकी मारून सांगितलं होतं, ही तांब्याची नाहीच, वरून मुलामा आहे. आईनं बिगारीकामावर पाट्या वाहून घेतलेली ती पहिली वस्तू. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती. "माझ्या पोराचं मशीन सांगंल," एवढंच म्हणत होती. तिला कागद हवा होता, शिक्क्यासकट.

संध्याकाळी साहेबांनी मला मजकूर दिला. तांबं: नव्याण्णव पॉइंट नऊ. वजनांच्या जागा रिकाम्या.

"साहेब, वजनं?"

"तिथं रेघ मारा, मॅडम."

पुडी टेबलावर उघडीच होती. तांब्याचा कीस लालसर असतो, एवढं मीही शिकले होते. हा पिवळाधमक होता. मी रेघ मारली. इतक्या वर्षांत साहेब मला एवढे कधी आवडले नव्हते.

रविवारी त्यांच्या घरी गेले. रिपोर्ट काचेत बसवून भिंतीवर लावला होता. आईंनी कळशीतलं पाणी पेल्यात ओतून दिलं.

"पी बाई. तांब्याचं पाणी गोड लागतं."

"शंभर टक्के गोड आहे," मी म्हटलं.

"नव्याण्णव पॉइंट नऊ," साहेबांनी आतून दुरुस्ती केली.

"ह्याचं काय तरी बिघडलंय बघ," आई हसत म्हणाल्या. "हल्ली कळशी मला घासूच देत नाय. रोज सोता चिंच घेऊन बसतो."

साहेब बाहेर आले, कळशी पुन्हा गळ्यापर्यंत भरली आणि जपून सरळ ठेवली. बुडाला कानस लागली होती तिथली पिवळी खूण आईंना शेवटपर्यंत दिसली नाही.