वच्छलेची रेंगी

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी इंद्रभानचा गुडघा धरला.

आठच दिवसांपूर्वी याच इंद्रभाननं पिंपळगाव राजाच्या चावडीपुढं, सभेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसून, "पोरींनी आपल्या पायावर उभं राह्यलं पाह्यजे," असं ठणकावून सांगितलं होतं. अकोल्याहून आलेल्या बाईंनी तेव्हा लिहित्यावाचत्या मुलींना उपदेशाचं तांबड्या पुठ्ठ्याचं एकेक पुस्तक वाटलं. एक इंद्रभानच्या वच्छलेच्या हाती आलं आणि घरातली शांतता संपली. मराठी सातवी पास होऊन पोरगी दोन वर्षं घरी बसली होती. खामगावला मास्तरणी घडवणाऱ्या शाळेत प्रवेशपरीक्षा आहे, असा कागद नागपूरहून आला होता. पुढल्या साली आपण परीक्षेला नाही, बोहल्यावर उभ्या असू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"गुडघा लय ठनकून राह्यला. पुढच्या सालाले पाहू," इंद्रभान बाजेवरून म्हणाला.

वच्छलेनं पुस्तक उघडलं. "पान सात. 'मुलीने दुसऱ्याच्या आधारासाठी खोळंबून राहू नये.'"

"मंग नको राहू. रेंगी हाय, बैल हायेत. जाय." आता पोरगी गप्प बसेल अशा समजुतीनं त्यानं कूस बदलली.

दिवस उगवला तेव्हा ती दोन माणसांची हलकी गाडी वेशीबाहेर पडलेली होती. अन्नपूर्णाबाईनं लेकीला दशम्या बांधून दिल्या आणि एवढंच म्हणाली, "एक वाजेच्या आत पोच माय. मंग दार लावून घेतीन ते."

हरण्या आणि सरज्या, दोघं गुणाचे बैल. दर बाजाराला धनी कासरा ढिला सोडून डुलक्या घ्यायचा आणि हे त्याला खामगावला नेऊन आणायचे. दोन कोसांवर मोतीरामचं चहाचं झोपडं लागलं. बैल उभे राहिले ते राहिलेच.

"इंद्रभानभाऊचा चहा झाल्याबिगर ते हालत नाईत," मोतीराम म्हणाला.

"मी चहा पेत नाई, मामा."

"तू नको पिऊ. त्यायले कप दिसला पाह्यजे."

वच्छलेनं कप हाती धरला. हरण्यानं तिरक्या डोळ्यानं तो पाहून घेतला, दोघांनी मोतीरामच्या हातून गुळाचा खडा खाल्ला, तेव्हा कुठं चाकं फिरली. पान अकरावर 'दृढनिश्चयापुढे अडथळा टिकत नाही' असं होतं. तिनं ते हरण्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. हरण्यानं शेण टाकलं.

पुढं शकूरचं जिलबीचं दुकान आलं. बैल तर थेट निंबाखाली गेले आणि जुवासकट खाली बसले.

"पावशेर बांधून ठेवली बेटी," शकूर पुडा घेऊन आला. "भाऊ कुठं?"

"त्यायचं गोड बंद हाय, चाचा. वैद्यानं सांगतलं. दोन वर्सं झाले."

"हाव, घरी बंद हाय. ते बी असंच सांगतेत."

पुडा मांडीवर घेऊन तिनं कासरा ओढला, शेपट्या पिळल्या. बैल रवंथ करत राहिले. सूर्य डोक्याकडं चालला होता. तिनं पुस्तक चाळलं. बसलेल्या बैलांबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

"जिलबी खाऊन भाऊ इथं झोपतेत," शकूरनं खुलासा केला. "उठले का तीनदा खाकरतेत."

वच्छलेनं इकडंतिकडं पाहिलं, पदर सावरला आणि घोगऱ्या आवाजात तीनदा खाकरली. बैल उठले. मग जात्यावरच्या गळ्यानं ती त्यांना आळवत निघाली:

*हरण्या सरज्याची, घुंगराची जोडी,*
*थांबू नका राजा, वाट राह्यली थोडी.*

खामगाव आलं तेव्हा साडेबारा झाले होते. सरकीच्या गाड्यांनी रस्ता कोंबलेला, आणि शाळा कुठं हे विचारायला तिनं पेठेकडं कासरा ओढला, तर बैल उलट्या अंगाच्या बोळात शिरले. ती खाकरली, रागावली, शेवटी तिनं विनवलं. ते एका उंच भिंतीच्या फाटकापुढं जाऊन थांबले. आता इथं बाबाचं काय खायचं-प्यायचं असेल? तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

फाटकातून एक म्हातारी शिळी भाकर घेऊन आली. "आले का माह्ये लाडके?" बैलांना भरवता भरवता तिनं वर पाहिलं. "तू इंद्रभानभाऊची वच्छला नं? मी सरवरीबी. शाळेचं फाटक मीच राखते."

"हे शाळा हाय?"

"तं काय! बाप तुह्या दर बाजाराले येते. भित किती उंच हाय, हिरीले पानी हाय का, मोठ्या बाई कश्या हायेत, समदं इचारते. नाव लिवा म्हनलं का 'पाहू' म्हनते न जाते. गेल्या खेपेले लिवलं बापा एकदाचं. जाय, घंटा होऊन राह्यली."

रात्री परगावच्या पोरींबरोबर शाळेतच राहून वच्छला दुसऱ्या दिवशी परतली. इंद्रभान वेशीबाहेर पार ओढ्यापर्यंत चालत आला होता. मागून अन्नपूर्णाबाईही येत होती.

"गुडघा?" वच्छलेनं विचारलं.

"उतरला." तो बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "यायनं तरास तं नाई देल्ला?"

"नाई बाबा. तुमी जिथं थांबता, तिथंच थांबले."

इंद्रभाननं एकदा मागं बायकोकडं पाहिलं, एकदा लेकीच्या मांडीवरच्या पुड्याकडं. "म्हंजे... समदीकडं?"

"समदीकडं." बोलताना तिचा आवाज जरा भिजला. मग माय जवळ यायच्या आत तिनं पुडा गाडीतल्या कडब्याखाली सारला. "पुढच्या बाजाराले निकाल हाय."

"मंग मी बी येतो."

"या. पन कासरा माह्या हाती."

"चहा?"

"चहा होईन."

"आन..." त्यानं कडब्याकडं बोट केलं.

वच्छलेनं तांबडं पुस्तक उघडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली आणि मिटलं. "त्याचं यात काई लिवलं नाई," ती म्हणाली आणि तीनदा खाकरली.

बैल निघाले. त्यांच्यामागून मुकाट इंद्रभानही.