ओगुरासाहेबांनी विमान वेळेवर सोडलं

तैवानची तिकिटं ओगुरासाहेबांनी कितीला काढली, हे गल्लीत ज्याला ठाऊक नव्हतं तो एक तर बहिरा असावा किंवा महिनाभरात केस कापायला गेलेला नसावा.

"जाऊन-येऊन नऊ हजार आठशे येन," न्हाव्याच्या खुर्चीत बसून साहेब आरशातल्या सगळ्यांना सांगत. "ओसाकाहून टोकियोला बुलेट ट्रेननं जायला एका बाजूचे याहून जास्त पडतात. आणि हा परदेश आहे, परदेश!"

"जेवण देतात का विमानात?" न्हाव्यानं विचारलं.

"भाताचे मुटके घरून न्यायचे. जेवणाचे पैसे त्यांना कशाला द्यायचे?"

तिकिटांचा सेल सकाळी दहाला उघडणार होता. साहेब पावणेदहालाच कॉम्प्युटरसमोर बसले होते, हातात साखळीचं घड्याळ, बोट बटणावर. दहाच्या ठोक्याला बोट खाली आलं. अडतीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाचं बोट ते. एका छोट्या खासगी रेल्वेच्या आठ स्टेशनांपैकी सहाव्या स्टेशनाचे ते मास्तर होते आणि त्या अडतीस वर्षांत त्यांच्या फलाटावरून एकच गाडी उशिरा सुटली होती, चार मिनिटं, तीही रुळांवर रानडुक्कर बसलं म्हणून. त्या चार मिनिटांबद्दल साहेबांनी फलाटावर उभं राहून डब्या-डब्यापुढे वाकून माफी मागितली होती. डुकरानं मागितली नाही, हे शल्य त्यांना अजून आहे.

पण हा सगळा खटाटोप स्वस्ताईसाठी नव्हता, बायकोसाठी होता. फुसाएबाईंनी संसाराच्या एकेचाळीस वर्षांत जपानचा किनारा ओलांडला नव्हता. लग्नानंतर फिरायला जायचं ठरलं तर रुळांवर दरड कोसळली. नंतर दर सुट्टीत गाड्यांना गर्दी आणि गाड्यांना गर्दी म्हटल्यावर मास्तर फलाटावर. बाई कधी कुरकुरल्या नाहीत. भांडी घासता घासता त्यांनी रेडिओवर तीन वर्षं चिनी भाषेचे धडे गिरवले. तैपेईच्या एखाद्या दुकानात उभं राहायचं आणि कुणाच्याही मदतीशिवाय आंबा घातलेला बर्फ मागायचा, एवढीच त्यांची हौस होती.

"हे बघ," साहेबांनी निघताना शब्द दिला, "हे चार दिवस मी मास्तर नाही. मी फक्त प्रवासी आणि तुझा नवरा."

"बघू," बाई म्हणाल्या.

स्वस्त विमानाची गंमत अशी की तिकीट स्वस्त असतं आणि बाकी सगळं महाग. सात किलोच्या वर सामान नेलं तर पैसे. म्हणून साहेबांनी आपला निळा कोट बॅगेत न भरता अंगातच चढवला, वर टायही बांधला. शेजारी-शेजारी जागा हव्या असतील तर त्याचेही पैसे.

"एकेचाळीस वर्षं एका छपराखाली काढली," साहेब म्हणाले. "तीन तास लांब बसलो तर काय बिघडतंय?"

बाईंना मिळाली पुढची चौथ्या रांगेतली खिडकी. साहेबांना कुठली मिळाली ते त्यांनी पाहिलंच नाही. बाईंनी हातात दिलेला बोर्डिंग पास त्यांनी घडी घालून आतल्या खिशात सारला. गाडीत बसल्यावर जागा सापडतेच, असा त्यांचा रेल्वेतला अनुभव.

विमान अकरा वीसला सुटायचं होतं. साहेब साडेआठलाच गेटपाशी हजर. अकराला घोषणा झाली की विमान एक वाजून तीस मिनिटांनी सुटेल.

साहेबांनी घड्याळ कानाला लावलं. मग तडक काउंटरवरच्या मुलीकडे गेले. तेवीस-चोवीस वर्षांची पोर, छातीवर नावाची पट्टी, नागुमो.

"विमान कुठे आहे?"

"अजून यायचंय, काका."

"कुठून यायचंय?"

"तैपेईहून. तेच इकडे येतं आणि तेच परत जातं."

म्हणजे एकच गाडी दिवसभर ये-जा करते आणि सकाळी एकदा अडकली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांची रड. तिकीट एवढं स्वस्त कसं, हे साहेबांना तेव्हा उमगलं. तरी ते गप्प जागेवर येऊन बसले. त्यांनी शब्द दिला होता. ते प्रवासी होते.

तेवढ्यात गॉल्फची टोपी घातलेला एक गृहस्थ काउंटरवर जाऊन त्या पोरीवर डाफरायला लागला. "दोन तास? माझी तिकडे मीटिंग आहे! इथे कुणी जबाबदार माणूस आहे की नाही?" पोर एकटीच होती. तिचा ओठ थरथरायला लागला होता.

साहेबांना राहवेना. जित्याची खोड. ते उठले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि कमरेतून असे वाकले, असे वाकले की टाय जमिनीला टेकायचा बाकी राहिला. मनात पाच आकडे मोजूनच वर आले.

"आपला खोळंबा झाला. मनापासून माफी मागतो."

गृहस्थ जागच्या जागी विरघळला. अडतीस वर्षांचा कसलेला नमस्कार होता तो, कुणीही विरघळलं असतं. निळा कोट, टाय, पिकलेले केस. "चला, कुणीतरी वरचा माणूस आला एकदाचा," तो पुटपुटला आणि त्यानंही मान लववली.

इथेच थांबले असते तर गोष्ट संपली असती. पण जपानात एक पक्कं आहे, ज्यानं माफी मागितली, काम त्याचं. पाच मिनिटांत साहेबांपुढे वीस माणसांची रांग लागली. एकीला बाळाच्या दुधासाठी गरम पाणी हवं होतं. एका म्हातारीला पाठ टेकायला खुर्ची हवी होती. चार विद्यार्थ्यांची तिकडची बस चुकणार होती आणि त्यांना विमान उशिरा निघाल्याचा दाखला हवा होता.

"दाखला आहे ना?" साहेबांनी नागुमोला विचारलं. त्यांच्या रेल्वेत गाडी पाच मिनिटं जरी रेंगाळली तरी मास्तर चिठ्ठी फाडून हातात देत. हापिसात साहेबाला दाखवायला.

"कंपनीच्या साइटवर अर्ज करावा लागतो. दोन-तीन दिवसांनी मिळतो."

"दोन-तीन दिवसांनी!" साहेबांनी खिशातून पेन काढलं, वही काढली आणि स्वतःचा शिक्काही काढला. सही-शिक्क्याशिवाय तो माणूस घराबाहेर पडत नसे. 'सदर विमान उशिरा सुटत आहे, प्रवाशाचा काही दोष नाही,' असं लिहून खाली लाल 'ओगुरा' उमटवला. विद्यार्थी खूश. ते पाहून आणखी साठ जण आले. ज्यांना कुठेच जायची घाई नव्हती त्यांनीसुद्धा दाखले घेतले. फुकट मिळत होते ना.

"अहो," फुसाएबाई मागून येऊन हळूच म्हणाल्या, "मुटके खायचेत ना? आपण प्रवासी आहोत."

"पाच मिनिटं," साहेब मान वर न करता म्हणाले. "तू खाऊन घे."

बाईंनी ते ऐकलं आणि एकटीनंच मुटके खाल्ले. त्यांना सवय होती.

पुढच्या तासाभरात साहेबांनी त्या गेटाचं स्टेशन केलं. लष्करच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच. चिकटपट्टी मागवून त्यांनी फरशीवर रेघा आखल्या. मागच्या रांगांच्या जागावाल्यांनी इथे उभं राहायचं, मधल्यांनी तिथे, पुढच्यांनी तिकडे. "मागचे आधी गेले की पुढच्यांची धक्काबुक्की होत नाही," त्यांनी समजावलं. कंपनीचा एक अधिकारी धावत आला, साहेबांना पाहून चपापला आणि वाकला. त्याला वाटलं, हे विमानतळाचे कुणी बडे साहेब. ओगुरासाहेबांना वाटलं, हा नवा मदतनीस. त्यांनी त्याला पाण्याच्या बाटल्या आणायला पाठवलं आणि तो गेलासुद्धा!

नागुमोनं 'काका' म्हणायचं केव्हाच सोडलं होतं. "साहेब, विमान उतरलं."

"किती वाजता?"

"बारा पन्नास."

"मग एक तीसला सुटलंच पाहिजे. सेकंद इकडे-तिकडे नाही."

आणि लोकहो, एकशे ऐंशी माणसांचं ते विमान अकरा मिनिटांत भरलं. गेटाच्या काचेच्या दारातून बाहेर पडायचं आणि विमानापर्यंत चालत जायचं, अशी तिथली रीत. दारापाशी साहेब उभे. प्रत्येकाला वाकून "शुभ प्रवास". गॉल्फच्या टोपीवाल्यानं चक्क टोपी काढली. म्हातारीनं साहेबांच्या हातात दोन गोळ्या ठेवल्या. साहेबांचा ऊर भरून आला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आज सगळी दुनिया त्यांना विचारत होती.

पुढच्या रांगांबरोबर फुसाएबाई आल्या. "येताय ना?"

"तू हो पुढे. शेवटचा माणूस चढला की आलोच."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्या विमानाकडे चालायला लागल्या.

एक वाजून अठरा मिनिटं. नागुमोनं पडद्यावर पाहिलं. "साहेब, एकशे एकोणऐंशी झाले. एक राहिलाय."

"कोण?"

"सत्तावीस एफ. थांबा, नाव पुकारते." तिनं माईक उचलला.

साहेबांनी हात आडवा धरला. "नाव नाही घ्यायचं. चारचौघांत नाव पुकारलं की माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आमच्या स्टेशनात अडतीस वर्षांत कुणाचं नाव पुकारलं नाही. जागेचा नंबर सांग."

नागुमोला ते फारच पटलं. साहेबांनी माईक आपल्याच हातात घेतला. "सत्तावीस एफचे प्रवासी, आपण जिथे असाल तिथून कृपया लगेच या. सगळे आपली वाट पाहत आहेत." आवाज असा की माईक नसता तरी धावपट्टीवर गेला असता.

कुणी आलं नाही. साहेब स्वतः पुरुषांच्या संडासात गेले, प्रत्येक दारावर टकटक केली. "सत्तावीस एफ?" आतून एकानं "नाही हो" म्हटलं. साहेबांनी दुकानं पाहिली, सिगारेटची खोली पाहिली, पळत पळत परत आले.

"असा एक असतोच प्रत्येक गाडीला," ते धापा टाकत म्हणाले. "स्वतःचं भान नसतं. याच्या बायकोचे काय हाल असतील!"

एक वीस. नागुमोचा चेहरा उतरला. "दार दहा मिनिटं आधी बंद करायचा नियम आहे. पण थोडं थांबायचं का? काय करू, साहेब?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग काचेपलीकडच्या विमानाकडे. निर्णय कठोर होता, पण असे निर्णय घेण्यासाठीच मास्तर असतो.

"एकासाठी एकशे एकोणऐंशींना थांबवायचं नाही. कर बंद."

तिनं बंद केलं. साहेबांनी रेल्वेच्या शिस्तीनं बोट रोखून खात्री केली. "रांग रिकामी, ठीक. दार बंद, ठीक." जिना सरकला. एक वाजून तीस मिनिटांनी, सेकंदाच्या काट्यावर, विमान हललं. जमिनीवरचे कामगार रांगेत उभे राहून हात हलवायला लागले. काचेमागे साहेबांनी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. डोळे भरून आले होते. चौथ्या रांगेच्या खिडकीत एक हात हलत होता. साहेबांना वाटलं, किती भली बाई आहे कुणी.

मग त्यांना वाटलं, हा हात कुठेतरी पाहिलाय.

"साहेब," नागुमो काउंटरमागून एक बॅग ओढत येत होती, "ही तुमची का? तुम्हालाही कुठे जायचं होतं?"

साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. पास काढला, घडी उलगडली, चष्मा वर-खाली केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सत्तावीस एफ काखेत घेऊन ते संडासांची दारं ठोठावत हिंडत होते.

नागुमोनं पास वाचला आणि तोंडावर हात धरला. रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाही कळलं नसावं. मघाचा अधिकारी पाण्याच्या बाटल्या घेऊन परतला तो नेमका तेव्हा.

पुढचे पाच तास साहेब त्याच गेटासमोर खुर्चीत बसून होते. स्वतःचा राग आला होता आणि त्याहून जास्त शरम वाटत होती. एकेचाळीस वर्षांत एक शब्द दिला होता, तोही गेटापर्यंत टिकला नाही. साडेसहाच्या सुमाराला फोन वाजला. साहेब उठून उभे राहिले आणि फोनपुढेच वाकले.

"फुसाए, माझं चुकलं. तू एकटी, परक्या देशात..."

"मी पोचले," बाई म्हणाल्या. मागे रस्त्याचा गलबला ऐकू येत होता. "काय हो, सलाम काय झकास ठोकलात! एकेचाळीस वर्षांत तुम्हाला कामावर कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही उगाच भाव खाता. आज पाहिलं. आसपासचे सगळे तुमचंच कौतुक करत होते, आणि मी छाती फुगवून सांगितलं, आमचे हे."

साहेब अजून वाकलेलेच होते. "पण विमानात कुणी विचारलं नाही का, मी कुठे आहे म्हणून?"

"विचारलं ना. ती हवाईसुंदरी आली, म्हणाली, तुमच्या बरोबरचे सत्तावीस एफ अजून आले नाहीत, थोडं थांबायला सांगू का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"जे एकेचाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय तेच. त्यांची ड्यूटी आहे, तुम्ही निघा."

पलीकडे बाई कुणाशी तरी चिनीत बोलल्या, हसल्या, काचेच्या वाटीत चमचा वाजला. तीन वर्षांचे धडे दुकानदाराला पहिल्या फटक्यात कळले होते.

"मी उद्याच्या विमानानं येतो," साहेब घाईघाईनं म्हणाले. "पूर्ण पैसे पडले तरी येतो. सकाळी पहिल्या विमानानं."

पलीकडे आंब्याच्या बर्फात चमचा आणखी दोनदा फिरला.

"उद्याची घाई नको," फुसाएबाई म्हणाल्या. "परवा आलात तरी चालेल."