कुळगावच्या पाच विद्वानांचा एकच स्वभाव

अंबरनाथ ते बदलापूर या टापूत गुन्हेगारी इतकी कमी का, याची सरकारने कधी चौकशी केली नाही. केली असती तर अहवालात माझं नाव आलं असतं. मी बाळ चित्रे. दारूगोळा कारखान्यातून गेज तपासनीस म्हणून निवृत्त झालो आणि लगेच खाजगी गुप्तहेर झालो. ज्याच्या नजरेतून इंचाचा हजारावा भाग सुटत नाही, त्याच्या नजरेतून माणूस काय सुटणार? माझा मदतनीस मधू म्हणतो, "परवा कपाळावरचा चष्मा सुटला होता." मधू बावीस वर्षं माझ्याबरोबर आहे. थोडा मत्सर असायचाच.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर मिशी उतरवीन. मिशी मी ठेवत नाही, पण शब्दाला जागेन.

दुपारी दोनला कुळगावच्या बोलीकोश मंडळाचे अध्यक्ष अण्णा वैद्य रिक्षातून उतरले ते थेट माझ्या ओट्यावर. वय त्र्याऐंशी.

"बाळ, चार वाजता हासोमल शेठ येतोय. तोवर तू हे उलगडलं नाहीस तर माझा कोश छापायचा राहील आणि मी जाईन."

भानगड अशी होती. उल्हासनगरचे हासोमल शेठ आपल्या छापखान्यात कोश फुकट छापून द्यायला तयार होते. पण मंडळात विद्वान पाच, आणि एकाच प्रुफावर पाच जण पाच तऱ्हेच्या दुरुस्त्या करायचे. पहिल्या भागाला नाव काय द्यायचं, यावरच अकरा वर्षं गेली होती. शेठ म्हणाले, एक मुख्य संपादक नेमा, नाहीतर रामराम. तो निवडायला त्यांनी स्वभावपरीक्षेचे छापील कागद पाठवले. प्रेसमध्ये माणूस घेताना ते हीच परीक्षा घेत. सत्तर प्रश्न, 'होय' किंवा 'नाही'वर खूण करायची, शेवटी माणूस सोळा प्रकारांपैकी कुठला ते कळतं.

"मग निकाल?" मी विचारलं.

अण्णांनी घाम पुसला. "पाचही जण एकाच प्रकारात! 'व्यवहारी, झटपट निर्णय घेणारा, माणसांत रमणारा, कामाला वाघ.'"

"पाचही?" मधू म्हणाला. "पण त्यातले खांबेटे सर तर पोस्टमन आला की मोरीत लपतात."

"आणि गंमत म्हणजे," अण्णा म्हणाले, "प्रत्येकाला आपला निकाल शंभर टक्के पटलाय. बाकीच्या चौघांचा तेवढा खोटा वाटतोय."

आम्ही मंडळात पोचलो. पाच विद्वान पाच खिडक्यांपाशी, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मंडळाची गयाबाई केर काढत होती.

"सरका, पाय वर घ्या," ती मला म्हणाली. मी घेतले. गुप्तहेराने साक्षीदारांना दुखवू नये.

पहिला तर्क मी लगेच मांडला. "यांनी एकमेकांची कॉपी केली."

"शक्य नाही," मधू म्हणाला. "कॉपी करायची म्हणजे दुसऱ्याचं बरोबर असेल असं मानावं लागतं."

तर्क पडला. मी भिंग काढलं. पाचही कागदांच्या कोपऱ्यात पिवळा डाग! "रंगाच्या कारखान्यातलं रसायन! हुंगलं की माणसाचा स्वभाव बदलतो!" मी स्वतः कागद हुंगला, आणि स्वभाव बदलायची वाट पाहत पाच मिनिटं उभा राहिलो.

"काही वाटतंय?" अण्णांनी विचारलं.

"भूक लागल्यासारखं वाटतंय."

आता एकच शक्यता उरली, आणि ती भयंकर होती. पाच माणसं, एक स्वभाव. म्हणजे माणूसही एकच, पाच वेशांत! मी झडप घालून प्राध्यापक खांबेट्यांची दाढी ओढली.

दाढी खरी होती. आवाजही खरा होता. स्टेशनपर्यंत गेला.

तेवढ्यात हासोमल शेठ आले. "क्या साईं, संपादक मिला की मी जाऊ?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा डोळ्यांनीच हात जोडत होता. मी भिंग पुसायला घेतलं. शेवटी मधूच गयाबाईकडे वळला. "बाई, हे कागद तुम्ही पाहिले होते?"

"पायले म्हंजे? मीच भरले ना."

पाचही विद्वान पहिल्यांदाच खिडक्यांकडून आत वळले.

"इथले सगले फॉर्म मीच भरते," केरसुणी टेकून गयाबाई म्हणाली. "रेशन कार्डाचा कोन भरतो? मी. खानेसुमारीचा? मी. यांच्या समोर कागद ठेवला की हे न वाचता सही ठोकतात. या येलेला पाच होते. मसाला वाटता वाटता टिका मारल्या."

"हळद!" मी ओरडलो. "मला संशय होताच!"

"पण तिथे विचारलं होतं, अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का?" अण्णा म्हणाले.

"मग पोस्टमनशी कोन बोलणार? हे तर मोरीत."

"झटपट निर्णय घेता का?"

"मच्छीवाली दारात उभी असते, अण्णा. तिला काय अकरा वर्सं थांबवू?"

शेठ खुर्चीत सावरून बसले. "बाई, पहिल्या भागाला नाव काय द्यायचं?"

"भाग पयला."

पाच विद्वानांनी पाच वेगवेगळ्या हरकतींसाठी तोंडं उघडली. गयाबाईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि चहाबरोबर एकेक कागद. पाचही जणांनी वाद घालता घालता सवयीने सह्या ठोकल्या. त्या कागदांवर गयाबाईने ठराव लिहिला होता. अण्णांनी तो मोठ्याने वाचला तेव्हा विद्वानांना कळलं, की त्यांनी एकमताने गयाबाईला मुख्य संपादक नेमलं होतं. अकरा वर्षांत त्यांचं पहिलंच एकमत.

दिवाळीला कोश निघाला. अण्णा तो उशाला घेऊन झोपत, मान अवघडली तरी.

माझ्या कामगिरीबद्दल मी कागदांचा उलगडा झाला त्याच दिवशी प्रशस्तिपत्र मागितलं होतं. गयाबाईने लगेच लिहून दिलं, म्हणाली, इथे सही करा. मी रुबाबात केली. रिक्षात मधूने ते उघडून वाचलं.

"बाळ, यात तू दाढीबद्दल खांबेटे सरांची माफी मागितली आहेस."