सुपडूआप्पांचा तिसरा गिअर

सुपडूआप्पांनी एकाच पिकअपचा गिअरबॉक्स दोन वर्षांत सात वेळा उतरवला. सातही वेळा तो पुन्हा जोडला आणि सातही वेळा तिसरा गिअर सटकतच राहिला.

डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत रिकामी माणसं पत्ते कुटतात. आप्पा गाडीखाली जातात. लिंबाखाली पुठ्ठा अंथरलेला, बाहेर दोन पाय आणि आतून हुकूम, "तेरा नंबरना पाना दे भो." जवळून जाणारा प्रत्येक जण त्यांचा 'भो'. मी सचिन गावातल्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे, माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. पण आप्पांच्या लेखी मी पाना देणारा.

आप्पा मूळचे पारोळ्याकडचे. लूमवरचे कापडाचे ताके मार्केटला पोचवण्यात उमर गेली. आता धंदा बंद, गाडी तेवढी उरली. "खोलता कोन्हलेबी येस, बसाडता येवाले जोयजे," हे त्यांचं ब्रीद. ते ऐकून आम्ही हसायचो, कारण बसवता त्यांनाच येत नाही असा सगळ्या सोसायटीचा निकाल होता.

खोलायची रीत मात्र शिस्तीची. गिरणीतून बाद झालेली छापाची साडी जमिनीवर पसरायची. पहिला निघालेला भाग पदरावर, पुढचे ओळीने, शेवटचा दुसऱ्या टोकाला. जोडताना उलट यायचं. पदराशी पोचलं की काम संपलं. एकदा पाहुणे येणार म्हणून माझ्या बायकोने ती साडी चारी टोकं धरून उचलली आणि सगळा गिअरबॉक्स बादलीत ओतला. आप्पांनी बादलीत डोकावून पाहिलं. "पोरी, मिसळ मस्त बनाडी तू," एवढंच म्हणाले आणि चार दिवस एकेक दात ओळखत बसले.

आप्पांच्या बायको मंगलाकाकू गेल्या, त्यानंतर महिन्याभराने हे खूळ सुरू झालं. घरात एकटा माणूस, मन रमवत असेल, असं आम्ही धरून चाललो. मुलगा कैलास हजिऱ्याला कंपनीत. गाडी विका आणि माझ्याकडे राहायला या, असा त्याचा धोशा. मला दुसऱ्याच्या संसारात हात घालायची जुनी खोड. उधन्याचं गिऱ्हाईक मीच आणलं. त्याची अट एकच होती, तिसरा गिअर सटकता कामा नये. नवा गिअरही मीच शोधून आणला.

आप्पांनी आठव्यांदा खोलून तो बसवला आणि काय आश्चर्य, गाडी तिसऱ्यात सुतासारखी चालली. गिऱ्हाईक खूश होऊन, उद्या सकाळी येतो म्हणून गेलं. आप्पा ओट्यावर येऊन बसले. चहा दिला, तो तसाच निवला.

सकाळी पाहतो तर लिंबाखाली साडी पसरलेली. गिऱ्हाइकाने ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटर वळवली. माझं डोकं फिरलं. "आप्पा, तुम्हाला येत नाही हे एकदा कबूल करा ना," मी त्यांच्या पायांशी उभा राहून म्हणालो.

आप्पा सरपटत बाहेर आले. हातात दात झिजलेला जुना गिअर होता. नवा त्यांनी काढून बाजूला ठेवला होता.

"तू आनेल गिअर चांगला शे. तसा एक मनाकडे बी शे," ते म्हणाले. सीटखालून त्यांनी एक पुडकं काढलं. कागद पिवळा पडला होता, आतला गिअर कोरा होता.

मग सांगितलं. गिअर सटकायचा, म्हणून काकू मध्ये बसून गिअरची दांडी दाबून धरायच्या. इथून पारोळ्यापर्यंत.

"बांगड्या वाजेत तिन्या. म्हने, दुरुस्त करी टाका, मना हात दुखस. मी म्हनू, पुढला खेपले." आप्पांनी गिअर कडेने पुसला. "तिले शब्द देयेल व्हता, म्हनीसन खोलस. मंग नवा बसाडता येत नही. खोलता कोन्हलेबी येस..."

त्यांनी गाडीतल्या दांडीकडे बोट दाखवलं. दांडीला काकूंच्या जुन्या साडीची एक चिंधी गुंडाळलेली होती. ती मी दोन वर्षं पाहत होतो; तेल पुसायला असेल असं समजत होतो. दांडी तापते, तळहात भाजतो, म्हणून काकूंनी बांधलेली. मला माझी लाज वाटली. खाली बसलो आणि दिवसभर मागतील तो पाना देत राहिलो.

संध्याकाळी जोडून झालं. "बठ, चक्कर मारू," आप्पा म्हणाले. मी दाराशी चिकटून बसलो, मधली जागा सोडून. कालव्याच्या रस्त्याला त्यांनी तिसरा टाकला. थोड्या वेळाने दांडी खाडकन सुटली. माझा हात आपसूक पुढे झाला, तो मी मागे घेतला.

आप्पांनीही हात लावला नाही. इंजिन नुसतंच ओरडत होतं, गाडीचा वेग कमी कमी होत होता, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आप्पा समोर बघत वाट पाहत होते. मग त्यांनी स्वतःच दांडी आत ढकलली.