वाटणीतला स्टिरिओ

"गाणं काय, सगळेच ऐकतात. पण नीट ऐकणारा माणूस सबंध उस्मानाबाद जिल्ह्यात मी एकटाच," असं वसंतराव काटीकर छातीठोकपणे सांगायचे. तुळजापूरच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे. त्यांना स्वतःला गाता येत नव्हतं, पेटी येत नव्हती, टाळसुद्धा चुकायचा. त्यांना नाद होता तो अँप्लिफायरचा, म्हणजे तबकडीतला बारीकसा आवाज घरभर करून दाखवणाऱ्या यंत्राचा. विकतचं यंत्र त्यांना चालायचं नाही. स्वतः जोडायचं, स्वतः बिघडवायचं आणि स्वतःच त्यावर खूश व्हायचं!

पहिला अँप्लिफायर त्यांनी सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेल्या लष्करी रेडिओच्या सांगाड्यातून उभा केला. त्यातून गाणं कमी आणि घूंऽऽ असा आवाजच जास्त यायचा. शेजारच्या मथुराबाई गिरणी सुरू झाली समजून ज्वारीचा डबा घेऊन दारात आल्या होत्या. दुसरा इतका तापायचा, की शारदाबाई, म्हणजे वसंतरावांची बायको, थंडीत त्याच्यावर विरजणाचं पातेलं ठेवायची. दही सुरेख व्हायचं, त्यामुळं तो बरेच दिवस टिकला. तिसरा एका संध्याकाळी धाडकन उडाला आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली. तेव्हापासून गावात वीज कधीही गेली, की लोक आधी वसंतरावांच्या दाराकडं बघायचे.

मग पासष्ट-सहासष्टच्या सुमारास त्यांच्या डोक्यात स्टिरिओ शिरला. एक यंत्र, दोन डबे. एका डब्यातून गवई, दुसऱ्यातून तबला, आणि मधे बसलं की साक्षात मैफल! हैदराबादच्या मित्रानं यमनाची तशी एक तबकडीही धाडली. वसंतरावांना आता आयुष्यात दुसरं काही नको होतं. तो यमन एकदा पुरता, दोन्ही बाजूंनी, कानात पडला म्हणजे झालं.

यंत्र जुळलं. डब्यांना मात्र चांगलं लाकूड पाहिजे होतं. माळ्यावर शिसवी पेटी होती, थोरल्या वहिनींनी, वनमालाबाईंनी, लग्नात माहेराहून, ईटहून आणलेली. वनमालाबाई ईटला लग्नाला गेल्या होत्या आणि पेटी रिकामी होती. वसंतरावांनी करवत घेतली.

वनमालाबाई परतल्या, तेव्हा वसंतराव सुई तबकडीवर ठेवायच्या बेतात होते.

"भावजी, माळ्यावरची माझी पेटी कुठंय?"

"वहिनी, अगदी वेळेवर आलात," वसंतराव आनंदानं म्हणाले. "बसा. तुमच्या पेटीतून आता बुवा गातील."

वनमालाबाई बसल्या नाहीत. पेटीचे झालेले दोन डबे त्यांनी एकदा बघितले, आत गेल्या आणि चूल वेगळी मांडली. यमन राहिला बाजूला.

वसंतरावांचे थोरले बंधू दत्तोपंत तहसील कचेरीत कारकून. हक्क म्हटला की त्यांचे कान टवकारायचे. त्यांनी वाटणीसाठी तामलवाडीहून वडिलांच्या दोस्ताला, आण्णासाहेबांना बोलावलं. आण्णासाहेब मोठे शेतकरी, वाटण्या करण्यात हात बसलेला. भांडी झाली, खोल्या झाल्या, मग त्यांची नजर डब्यांवर गेली.

"डबे किती?"

"दोन."

"भाऊ किती?"

"दोन."

"मग अडचण कशाची?"

वसंतरावांनी दोन्ही डबे स्वतःकडं ओढले. "आण्णासाहेब, दिसायला दोन आहेत, पण वस्तू एकच आहे. बैलजोडीसारखं समजा."

"बैलजोड्या तर म्या जलमभर वाटत आलोय," आण्णासाहेब म्हणाले.

"आणि लाकूड आमच्या सासुरवाडीचं आहे," दत्तोपंतांनी मुद्दा मांडला. गाण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की गाणं लागलं की त्यांना झोप लागायची. पण हक्क तो हक्क.

फैसला झाला. यंत्र धाकट्याकडं, डबा एकेक. मात्र धाकट्यानं वाजवलं, की भिंतीला भोक पाडून नेलेल्या तारेतून थोरल्याकडंही वाजलंच पाहिजे. "न्हायतर त्यो इन्साफ कसला?" असं म्हणून आण्णासाहेब जेवून गेले. घराच्या मधोमध भिंत आली. ती तशीच पुढं अंगणातही गेली, तिथं तेवढी छातीइतकी.

दुसऱ्या दिवशी वसंतरावांनी यमन लावला. त्यांच्या डब्यातून तबला सुरू झाला. नुसता तबला. बुवा भिंतीपलीकडं दत्तोपंतांकडं गात होते, आणि दत्तोपंत घोरत होते.

वसंतरावांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. त्यांनी गुपचूप तारांची अदलाबदल केली. संध्याकाळी दत्तोपंत दारात हजर.

"वसंता, काल आमच्याकडं बुवा होते. आज नुसता तबला वाजायलाय. बुवा कुठं गेले?"

"माझ्याकडं आलेत, दादा."

"कुणाला विचारून?"

आण्णासाहेब पुन्हा आले. पुन्हा जेवले. विहिरीच्या पाण्याची देतात तशी त्यांनी बुवांची पाळी लावून दिली. एक आठवडा बुवा थोरल्याकडं, एक आठवडा धाकट्याकडं.

"अहो, मग दोन्हीकडं सारखंच वाजेल असं काही करा की," शारदाबाई म्हणाली. "यंत्राला तसं बटण आहे म्हणालात ना?"

"मग तो स्टिरिओ कसला?" वसंतराव तिच्यावर खेकसले आणि तबला ऐकत बसले.

गंमत म्हणजे, या भांडणात दत्तोपंतांना यमनाची गोडी लागली. हक्काचं गाणं झोपेत घालवणं त्यांना पटेना. बुवांच्या आठवड्यात ते जागे राहून ऐकू लागले आणि तबल्याच्या आठवड्यात तोंड पाडून फिरू लागले.

इकडं वसंतरावांनी एक शोध लावला. दोन्ही घरांची दारं अंगणात उघडत होती. दारं उघडी ठेवली आणि बरोबर मधे बसलं, तर दोन्ही डबे एकदम ऐकू यायला पाहिजेत. आणि बरोबर मधे होती भिंत! एका संध्याकाळी यमन लावून ते भिंतीवर चढले आणि घोड्यावर बसावं तसे एक पाय इकडं, एक पाय तिकडं टाकून बसले. डोळे मिटले. डावीकडून तबला आला, उजवीकडून बुवा आले, आणि वसंतरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतकं सुख त्यांना लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

रस्त्यानं देवीच्या दर्शनाला चाललेली एक म्हातारी थबकली. तिनं हात जोडले. "बाबा, कसला नवस म्हनायचा ह्यो?" वसंतरावांनी डोळे उघडले नाहीत. म्हातारीनं भक्तिभावानं भिंतीपाशी एक नारळ ठेवला. तिच्या मागून येणाऱ्यांनीही हात जोडले.

तेवढ्यात दत्तोपंत बाहेर आले. "वसंता, भिंतीवर काय करायलास?"

"दादा, इथं सगळं येतंय. बुवाही, तबलाही."

दत्तोपंतांनी भिंत नजरेनं मोजली. "भिंत अर्धी माझी आहे. सरक."

स्टूल आणून तेही चढले. दोघे भाऊ पाठीला पोट लावून बसले आणि डुलू लागले. भिंत कच्च्या विटांची, चिखलात रचलेली. डुलणाऱ्या दोन काटीकरांचा तिनं विचारच केला नव्हता. समेवर येताना दोघांनी एकदम मान हलवली, आणि भिंत दोघांसकट खाली बसली.

धुरळा खाली बसला, तेव्हा दोघे वनमालाबाईंच्या सांडग्यांत पालथे पडले होते आणि आत यमन सुखरूप चालू होता. वनमालाबाई धावत आल्या. शारदाबाई धावत आली. दोघींनी नवऱ्यांकडं बघितलं, मग एकमेकींकडं, आणि इतक्या महिन्यांनी दोघी एकदम हसत सुटल्या.

"आता गवंड्याला बोलवायचं का?" शारदाबाईनं पदरानं डोळे पुसत विचारलं.

"राहू दे," वनमालाबाई म्हणाल्या. "चहा एकाच चुलीवर टाक. या दोघांना धुवायला पाणीही लई लागणार आहे."

आठवड्याच्या आत घरातली भिंतही गेली. दोन्ही डबे एका खोलीत आले. वसंतरावांनी दोरी लावून मापं घेतली आणि जिथं दोन्ही आवाज अचूक भेटतात, तिथं खुर्ची ठेवली. अशी जागा खोलीत एकच असते आणि ती एकाच माणसापुरती असते. त्यांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, सुई तबकडीवर ठेवली आणि खुर्चीकडं वळले.

खुर्चीत दत्तोपंत बसले होते. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून. घरातल्या थोरल्या माणसाला ऊठ म्हणायची काटीकरांच्या घरात पद्धत नव्हती. वसंतराव गुमान जाऊन डाव्या डब्याशेजारी पाटावर बसले.

"वसंता, बुवा अगदी पुढ्यात बसल्यासारखे वाटायलेत रे," दत्तोपंत गहिवरून म्हणाले. "तुला येतंय ना ऐकू?"

"येतंय की, दादा," वसंतराव म्हणाले. "तबला फार छान वाजायलाय."