सासऱ्यांच्या गाडीला मीटर

चाकणच्या एका कंपनीत समाधान इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. जिथे म्हणून वीज आहे तिथे आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्याचं स्पष्ट मत होतं. बायको विजयश्रीला हे मत लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, मिक्सर जळाला तेव्हा कळलं होतं. सासऱ्यांना अजून कळायचं होतं.

सासरे म्हणजे मोशीचे रंगराव. जमिनीत इमारती उगवल्या, दारात मोठी चारचाकी आली, तरी रंगराव फिरायचे ते आपल्या जुन्या मोटारसायकलवरच. ती दुसऱ्या कुणाला चालवू देत नसत. गाडीवर धड काटा एकही उरला नव्हता. पेट्रोल बघायचं तर गाडी गदागदा हलवून टाकीला कान लावायचा. टाकीखालचा कॉक रिझर्व्हवर जाऊन जो अडकला होता, तो तिथेच म्हातारा झाला होता. आणि बॅटरी माहेरी गेलेल्या सुनेसारखी, कधी रुसेल याचा नेम नाही.

"मामांच्या गाडीला मी डिजिटल व्होल्टमीटर लावतो," समाधान बायकोला म्हणाला. "बॅटरी किती भरलीय ते आकड्यात दिसेल. बघच तू, खूश होतात की नाही."

"आज आमच्या धाकट्या स्वरूपाचा साखरपुडा आहे. आजच सुचलं का तुम्हाला?"

"वायरी तर दोनच असतात."

दोनच होत्या. त्यांपैकी एक कुठे जोडायची हा प्रश्न होता, आणि समाधानने घाईत दोन्ही हॉर्नला जोडल्या. चावी फिरवली, मीटर काळंठिक्कर. त्याच्या कपाळाला घाम आला. घाम पुसताना कोपर हॉर्नच्या बटणावर पडलं, हॉर्न कोकलला आणि मीटरवर लालभडक आकडे उमटले, बारा पॉइंट सहा. बोट काढलं की गायब.

तेवढ्यात धोतर सावरत रंगराव मागे येऊन उभे राहिले. आता सगळं उकलायला वेळ नव्हता. समाधानने छाती पुढे काढली.

"मामा, हे बघा. बटण दाबलं तरच दिसतं. मुद्दामच तसं केलंय."

"आन् ह्यो आकडा?"

"किती शिल्लक आहे ते. बारा म्हणजे फुल. अकराच्या खाली गेलं की समजायचं, संपत आलं."

रंगरावांनी बटण दाबलं. बारा पॉइंट सहा. पुन्हा दाबलं. त्यांचे डोळे चमकले. इतकी वर्षं टाकीला कान लावून लावून त्यांचा एक कान गार पडला होता. "लई ब्येस काम केलं, जावईबापू," एवढंच ते म्हणाले. समाधान दिवसभर पुरेल इतका फुलला.

साखरपुडा दुपारी आळंदीच्या कार्यालयात होता. नवऱ्या मुलाची, म्हणजे शेखरची, अंगठी तेवढी चाकणच्या सोनाराकडे बोटाच्या मापाची करायला दिली होती. चारचाकी चाकणच्या चौकात अडकली की अडकली, म्हणून बायका गाडीने थेट आळंदीला गेल्या आणि सासरे-जावई मोटारसायकलवर अंगठी आणायला निघाले. रंगराव पुढे, समाधान मागे.

हायवेला लागताच रंगरावांनी हॉर्न दाबला. पुढे कुणी नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा दाबला. एक कंटेनर बिचारा घाबरून कडेला झाला. आकडा बघायचा तर हॉर्न वाजणार, आणि रंगरावांना आकडा बघितल्यावाचून चैन पडेना. एक रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "आजोबा, ॲम्ब्युलन्स आहे का?"

"जावईबापू," वाऱ्यात रंगराव ओरडून म्हणाले, "निघताना बारा व्हतं, आता चौदा झालं की!"

"होणारच, मामा. इंजिन फिरलं की आपोआप भरत जातं."

"आपोआप?"

"जितकी पळवाल तितकी भरेल."

रंगरावांनी गाडी जरा जोरात सोडली. डाव्या हाताला पेट्रोल पंप आला, तिथली रांग बघून ते गालात हसले. समाधानला वाटलं, सासऱ्यांना आज आपल्या जावयाचा अभिमान वाटतोय. वाटतच होता, त्यात खोटं काही नव्हतं.

समाधान अंगठी घेऊन सोनाराच्या दुकानाबाहेर आला, तर गाडीभोवती घोळका. रंगराव हॉर्न वाजवून आकडे दाखवत होते आणि लोक तोंडात बोट घालत होते.

"हे तुम्ही केलं, भाऊ?" एकाने समाधानचा हात हातात घेतला. "कमालच राव. आमच्या गाडीला बसवाल?"

"बसवू की," समाधान लाजून म्हणाला. "त्यात काय एवढं. जगात सगळीकडे असतं हे."

"जगात सगळीकडं हाय, आन् आपल्यालाच ठावं न्हाई," रंगराव हळहळले.

आळंदी रस्त्याला अर्ध्यात गाडीला ठसका लागला. दुसरा लागला. तिसऱ्याला ती शांतपणे थांबली. दोन्हीकडे उसाची शेतं, वर ऊन. रंगरावांनी हॉर्न दाबला.

"बारा पाच. म्हंजी पेट्रोल तर हाय."

"पेट्रोल?" समाधान म्हणाला.

"मग काय तर. बारा लिटर."

समाधानने मीटरवर बोट ठेवलं. "मामा, तो बॅटरीचा आकडा आहे."

रंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मीटरकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. "आन् पळवली की भरतंय, ते?"

"तीपण बॅटरीच."

रंगराव खाली उतरले, गाडी गदागदा हलवली आणि टाकीला कान लावला. आत ठणठणाट होता. तोच फोन वाजला. पलीकडे विजयश्री. "पाहुणे बसलेत, भटजी घड्याळ बघतायत, अंगठी कुठंय?"

"आलोच," समाधान म्हणाला, आणि दोघं गाडी ढकलू लागले.

शेवटी मांडववाल्याचा टेम्पो देवासारखा आला. गाद्यांच्या ढिगावर गाडी उभी करून दोरीने आवळली, पण गाद्या मऊ, गाडी डुलायला लागली. ती पडू नये म्हणून रंगराव स्वतः तिच्यावर चढून बसले. फेटा बांधलेले, दोन्ही हातांत हँडल, मागे त्यांचे पाय धरून समाधान. टेम्पो खड्ड्यात गेला की त्यांचं बोट बटणावर पडे आणि हॉर्न वाजे. आळंदीत शिरेपर्यंत रस्त्यातल्या दोघा-तिघांनी त्यांना हात जोडले.

कार्यालयाच्या दारात वरपक्ष उभा होता. वाजंत्रीवाल्यांना वाटलं हीच मिरवणूक, त्यांनी सनई धरली. रंगराव तशाच ऐटीत खाली उतरले. अंगठी पोचली, शेखरच्या बोटात बसली, पेढे वाटले गेले. स्वरूपा बापाकडे बघून हसू दाबत होती.

पंगतीला शेखरचे वडील रंगरावांच्या शेजारी बसले. "गाडीला काय झालं होतं हो, पाहुणे?"

आता सगळ्या पाहुण्यांत आपली वाजणार, असं समाधानला वाटलं. रंगरावांनी एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा आपल्या ताटाकडे. टाकी रिकामी ठेवून पंपावरून हसत आलो, हे व्याह्याला कोण सांगणार?

"बॅटरी उतरली," ते म्हणाले. "जुनी गाडी. कळतच न्हाई कधी उतरती."

"एवढंच ना? आमचा शेखर व्होल्टमीटर बसवून देईल. लहानसं असतं, बॅटरी किती आहे ते आकड्यात दिसतं." मग ते समाधानकडे वळले. "तुम्ही कंपनीत मशिनरीवर ना? तुम्हाला नाही सुचलं हे?"

रंगरावांनी शांतपणे जिलेबी उचलली.

"नाही सुचलं," समाधान म्हणाला.