नाना आणि बिनदारूचा काढा

घरातलं पातळ औषध कुणाला देण्याआधी तुम्ही ते कधी पेटवून पाहिलं आहे का?

जामखेडला आमच्या शेजारी राहणारे नाना पाहतात. दिसली बाटली की चमचाभर ओतायची, हुंगायची आणि पेटती काडी लावायची. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे नाना दारू शोधतात, असं गल्लीने परस्पर ठरवून टाकलं.

गल्लीतल्या गंगाकाकूंची सून सुनीता बाळंत झाली. काकूंनी रिवाजाप्रमाणे दशमूलारिष्ट आणलं. नाना काडेपेटीसह हजर.

"पेटंना. मग ह्यात हाय तरी काय?"

"औशद हाय! माझी सून काय गुत्त्यावर चाललीया व्हय?"

अरिष्ट आंबवताना त्यात दारू आपोआप तयार होते, पण काडीने पेटण्याइतकी नसते. तरी अंगावर पाजणाऱ्या बाईला देण्याआधी डॉक्टरांना विचारावं, असं मी सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

काकूंनी मात्र दारूचंच मनावर घेतलं. आठवडी बाजारात टेम्पोवर भोंगा लावून 'बिनदारूचा काढा' विकत होते. गोड, घट्ट. बाटलीवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना आत काय ते. काकूंनी ती विकत आणून नानांपुढे धरली.

"घ्या! थेंबभर दारू न्हाई. आता तरी गप बसा."

"दारू काढली, मग तिच्या जागी काय घातलं?"

"मला काय ठावं? पेटवून बघा की!"

नानांनी काडी ओढली नाही. ते उंबऱ्याशी खाली बसले.

"आमच्या हिचं अरिष्ट मीच बंद केलं हुतं. माळकऱ्याच्या घरात नको म्हनून. असलंच बिनदारूचं आनून दिलं. थोड्या दिसांत तिची लघवी बंद झाली. डॉक्टर म्हनले, काय पाजलं ती बाटली आना. मी ती धुऊन तिच्यात गोडंतेल भरलं हुतं." त्यांनी काडेपेटी खिशात घातली. "त्यानंच गेली का, ते आता कुनालाच कळायचं न्हाई."

काकूंनी बाटली नानांच्या हातात दिली आणि चहाचं आधण ठेवलं.

नावगाव नसलेला काढा तुमच्या घरात असेल, तर तो आजच बंद करा. आणि तो पिऊन कुणाला त्रास झालाच, तर बाटली धुऊ नका. आहे तशी डॉक्टरांकडे न्या.